थोडं उचला

छापखान्यातल्या दिव्याखालच्या टेबलावर पोस्टरची चार प्रुफं होती. चारही एकाच मापाची, एकाच फोटोची, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक ते चार आकडे घातलेले. फोटोत दोन माणसं होती: उमेदवार आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभी तिची चौदा वर्षांची लेक. मागची भिंत चारही ठिकाणी सारखीच पांढरी. अक्षरं सारखी, पक्षाचं चिन्ह सारखं. बदलत होता तो फक्त उमेदवाराचा चेहरा. पहिल्या प्रुफात तो चांगलाच उजळ होता आणि चौथ्यापर्यंत येता येता पायरीपायरीने सावळा होत गेला होता.

टेबलाशी उभ्या उमेदवाराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एक नंबर टेकडीसाठी," तिचा दीर म्हणाला. प्रचाराची सगळी सूत्रं त्याच्या हातात होती. "चार नंबर बंदरासाठी. दोन आणि तीन मधल्या वस्त्यांना. चार वाजता गाडी येतेय, वहिनी. आता नुसतं हो म्हणा."

"हे मला सांगितलं नव्हतंस."

"सांगितलं होतं. भागानुसार पोस्टर करतोय म्हटलं, तुम्ही करा म्हणालात."

ते खरं होतं. भागानुसार म्हणजे घोषणा वेगळ्या असतील, असं तिने धरलं होतं.

टेकडीवर तिच्या वडिलांची माणसं राहत, बंदरावर आईची. आई समुद्रापलीकडून इथल्या दवाखान्यात नोकरीला आली होती आणि इथलीच झाली. टेकडीवर उमेदवाराला कुणी काही बोलत नसे. फक्त "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं हसून विचारत आणि उत्तर मिळालं की जरा वेळाने पुन्हा विचारत. बंदरावरची मावसभावंडं तोंडावर "मैदा" म्हणून हाक मारत. गेल्या खेपेला ती दोनशे अकरा मतांनी पडली होती. टेकडीने तिला बंदराची धरलं होतं आणि बंदराने टेकडीची. यंदा पडली तर पुन्हा तिकीट नाही, हे पक्षाने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

"यातली मी कोणती?" तिने विचारलं.

संगणकावर बसलेला ऑपरेटर खुर्चीतल्या खुर्चीत वळला. "खरं सांगू ताई? फोटो आला तोच पिवळा होता. स्टुडिओतला दिवा तसा. मूळ रंग आम्हालाही माहीत नाही."

"मोजता येईल की," प्रेसचे मालक म्हणाले. वयाने बरेच मोठे, बोलायला कमी. त्यांनी खणातून मुठीएवढा मीटर काढला. "एरवी आम्ही कागद मोजतो. पण याला काय, कागद काय नि कातडी काय. आकडा मोठा तितका रंग फिका."

तिने बाही वर केली आणि हात पुढे केला. तळवा वर, मनगटाची आतली बाजू दिव्याकडे. लहानपणी पाहुणे आले की आत्या तिचा हात असाच उलटा करून धरायची आणि म्हणायची, बघा, बापावर गेलीय.

"तो नको," मालक म्हणाले. "तिथे ऊन लागत नाही. पालथा करा."

तिने हात पालथा केला. तिचे कान तापले होते.

पालथ्या हाताचं माप पन्नास आलं. मालकांनी हौसेने आतली बाजूही मोजली. एकसष्ट. मग चारही प्रुफांवरचा गाल मोजला. चौसष्ट, एकोणसाठ, चोपन्न, अठ्ठेचाळीस.

दीर मोठ्याने हसला. "मिटलं की! एका हातावर अकराचा फरक. म्हणजे वहिनी, तुम्ही जवळजवळ एक नंबरही आहात आणि जवळजवळ चार नंबरही. यात खोटं ते काय? आपण फक्त ज्याला जी बाजू हवी ती दाखवतोय."

हात तर तिनेच पुढे केला होता. लेक मागच्या बाकावर पाय हलवत बसली होती. तिचे पाय थांबले.

"तुझ्या दादांना विचारू का एकदा?" उमेदवार पुटपुटली. दादा म्हणजे तिचा नवरा, या दिराचा मोठा भाऊ. सरकारी नोकरीमुळे तो प्रचाराच्या आसपासही फिरकत नव्हता.

"विचारा. तो म्हणेल, तुम्ही दोघं बघा. नेहमीसारखं."

तेही खरं होतं. तिने बाही खाली केली आणि बटण लावलं.

"बरं. छापा."

"आता कसं!" दिराने एक नंबर उचलून डोळ्यांसमोर धरला. मग जवळ. मग पुन्हा लांब. "एक मिनिट. ही पोरगी फार वेगळी वाटते."

ऑपरेटरने मान उंचावली. "तिला हात नाही लावला मी. फक्त ताईंना उजळलंय."

"तेच ना. शेजारी कुणी परकंच उभं केल्यासारखं दिसतंय. लोक म्हणतील ही कोण? तिलाही थोडं उचल."

ऑपरेटरने पडद्यावर लेकीचा चेहरा मोठा केला. त्याच्याभोवती एक तुटक रेघ फिरवली. मग बाजूची खूण हळूहळू वर सरकवू लागला. नाकाच्या बाजूची सावली आधी गेली. मग कपाळ. लेक उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. आजीचा रंग घेतलेला तिचा हात खुर्चीच्या पाठीवर होता.

"अजून?" ऑपरेटरने विचारलं.

"अजून जरा," दीर म्हणाला.

"अजून करा ना, काका," लेक म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "सोमवारपासून हिलाच शाळेत पाठवते. मी घरी झोपते."

ऑपरेटर हसला. दीरही हसला. लेक हसली नाही. तिने आईकडेही पाहिलं नाही; पडद्याकडेच पाहत राहिली.

उमेदवाराने टेबलावरचा मीटर उचलला. तो वाटला त्यापेक्षा जड होता.

"चेहऱ्याला चालेल का हा?"

"चालेल," मालक म्हणाले. "फक्त हलायचं नाही."

"इकडे ये."

लेक आली. तिने गाल पुढे केला आणि श्वास धरला. मीटर पीं करून थांबला. त्रेचाळीस.

"ती रेघ काढून टाका," उमेदवार ऑपरेटरला म्हणाली. "माझ्याभोवतीचीही. कुणाला वेगळं काही करायचं नाही. अख्ख्या फोटोचा रंग एकदम फिरवा आणि हिचा गाल त्रेचाळीसवर आणा."

"आणि तुमचा, ताई?"

"जो येईल तो."

"वहिनी." दिराचा आवाज खाली आला होता. त्याने तिला दाराशी नेलं. "टेकडीवर आपली काय गत झाली होती, विसरलात? दोन वर्षं मी घरोघर चपला झिजवल्यात. माझी पोरं माझं तोंड रविवारी बघतात. तुमच्यासाठी."

"माहीत आहे मला."

"मग एका फोटोपायी सगळं पाण्यात घालणार?"

दिराचे डोळे लाल होते. तो नाटक करत नव्हता. तिला त्याच्या दंडावर हात ठेवावासा वाटला, ठेवला नाही.

"पडले तर माझ्या नावावर पडू दे," ती म्हणाली. "पक्षाला मी सांगेन. तुझं नाव येणार नाही."

"नावाचं कोण बोलतंय!"

तो बाहेर गेला. काचेतून तो फुटपाथवर उभा दिसत होता. फोन कानाला लावलेला, पण बोलत नव्हता. बऱ्याच वेळाने तो आत आला तेव्हा मशीन सुरू झालं होतं आणि फरशी पायाखाली थरथरत होती. लेक गठ्ठ्यापाशी उभी होती. तिच्या बोटांना शाई लागली होती.

मालकांनी गठ्ठ्यातून एक कागद ओढला आणि दिव्याखाली पसरला. दिराने मीटर त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः टेकवला, आधी लेकीच्या गालावर, मग आईच्या.

मुलगी: त्रेचाळीस.

आई: एक्कावन्न.