कोऱ्या फॉर्मवरचे अंगठे

हवालदार खुशाल वाईट माणूस नव्हता. आळशी होता, एवढंच. आणि आळसाला ठाण्यात कामाचा ताण म्हणायची पद्धत आहे. दर मंगळवारी मोहटोलीच्या धुरपताबाईकडे जायचं, बाई सुखरूप आहे का बघायचं आणि फॉर्मवर तिचा अंगठा घ्यायचा, हे त्याचं काम. शेजारच्या टेकचंदचं लेकरू तापाने गेलं, तेव्हा ही एकटी म्हातारी जादू करते असं त्याने गावभर केलं. तिने अर्ज दिला आणि जिल्ह्याने तिला संरक्षण दिलं. संरक्षण म्हणजे खुशाल.

पहिल्या भेटीत त्याने तिच्या हातचा चहा घेतला होता. गावात तिच्या घरचं पाणीही कोणी तोंडाला लावत नसे. त्या एका कपावर म्हातारी त्याची झाली. म्हणून आषाढात रस्ता चिखलात गेल्यावर त्याने वीस कोरे फॉर्म आणि शाईचं पॅड पुढे केलं, तेव्हा तिनेच त्याला सोपं करून दिलं.

"एवढ्या चिखलात कायले येतं रे बाबू? सांग, अंगठा कोठी कोठी लावू?"

मग दर मंगळवारी ड्रॉवरमधून एक फॉर्म निघायचा, त्यावर तारीख पडायची आणि खाली खुशालचं गोल अक्षर: महिला सुखरूप. तक्रार नाही.

भाद्रपदात जिल्ह्यावरून गुंजन मॅडम तपासणीला आल्या. अशा एकट्यादुकट्या बायांना पोलीस खरंच सांभाळतात का, हे बघायला त्या ठाण्याठाण्यात फिरत होत्या. फाइल चाळून त्या म्हणाल्या, "एकही आठवडा चुकला नाही? बढिया. चला, बाईंना भेटून येऊ."

म्हातारी एक वाक्य खरं बोलली की खुशालची वर्दी उतरणार होती. वाटभर तो जीपमधून धानाच्या बांध्यांकडे बघत राहिला.

धुरपताबाई अंगणात बसली होती, उजवा हात पदराखाली घेऊन. खुशालला बघून तिचा चेहरा फुलला, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, हे दर आठवड्याला येतात?" मॅडमनी विचारलं.

"येते ना. परवा मंगळवारीबी आला होता. चाय पेऊन गेला."

"गावात कोणी त्रास देतं?"

"नाई जी."

मॅडमनी शेरा लिहिला, समाधानकारक. अंगठा मागितला तेव्हा म्हातारीने डावा हात पुढे केला. मॅडमचा फोन वाजला, त्या बोलत बोलत जीपकडे गेल्या. खुशालला आधी हायसं वाटलं आणि मग त्याचीच लाज वाटली. त्याने वाकून पदर बाजूला केला. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं, बोटं हलत नव्हती.

"कोनं मारलं?"

"पडली मी."

"आजी, खरं सांग. टेकचंदनं?"

तिने पदर पुन्हा हातावर ओढून घेतला. मग म्हणाली, "चौघं होते. मंगळवारी."

त्या मंगळवारचा फॉर्म मॅडमच्या फाइलमध्ये होता. तक्रार लिहायची तर तारीख घालावी लागणार, आणि त्या तारखेला तर खुशाल इथेच बसून चहा पीत होता. कागद तसं सांगत होता, आणि आता म्हातारीही तेच सांगून बसली होती.

"तू कायले भेतं?" ती त्याच्याच पाठीवरून डावा हात फिरवत म्हणाली. "तुही नौकरी गेली त माह्या घरी कोन येईल?"

बाहेर हॉर्न वाजला. पलीकडच्या ओसरीवर टेकचंद कंबरेवर हात ठेवून बघत उभा होता.

"खुशाल, सब ठीक है ना?" मॅडमनी जीपमधून विचारलं.

"ठीक आहे, मॅडम," तो म्हणाला आणि जाऊन मागच्या सीटवर बसला.

ठाण्यातल्या ड्रॉवरमध्ये अजून नऊ कोरे फॉर्म पडले होते, सगळ्यांवर तिच्या उजव्या हाताचा अंगठा.