दिव्यानीची पाठवणी

घुग्घुसला धुळीची तक्रार फक्त नवा माणूस करतो. जुना माणूस तोंडाला दुपट्टा बांधतो आणि कामाला लागतो. संध्याकाळी कोळशाच्या ट्रकांमागून घराकडे निघालेल्या बायांचे नुसते डोळे दिसतात आणि सगळी ओळखदेख चालते ती चालीवरून, साडीवरून, दुपट्ट्याच्या रंगावरून. अशा या गावात इंदिराबाईंचं पाळणाघर एकोणीस वर्षं चाललं होतं, आणि एकोणीस वर्षांत त्यांच्या घरातलं एकही लेकरू चुकीच्या हातात गेलं नव्हतं. ही गोष्ट त्या आपणहून कुणाला सांगायला जात नसत. पण समोरच्यानं विषय काढलाच, तर पुरतं ऐकून घेतल्याशिवाय त्याची सुटका नसे.

त्यांची रीत साधी होती. फाटकाबाहेर कुणी येऊन उभं राहिलं की त्या आधी लेकराचा हात धरून त्याला पायरीवर आणत आणि विचारत, "कोन आलं वो?" लेकरानं खणखणीत आवाजात सांगायचं, आई आली, बाबा आले, आजी आली. मगच फाटकाची कडी निघायची. एकदा एक लेकरू आपल्या सख्ख्या मामाला बघून गप्प राहिलं, तर त्या मामाला इंदिराबाईंनी लेकराची आई येईपर्यंत तासभर उन्हात उभं केलं होतं. मामा पुन्हा त्यांच्याशी बोलला नाही. "चेहरा कोनी पन झाकून येते," त्या म्हणायच्या, "मी चेहऱ्यावर भरोसाच नाई ठेवत. लेकरू सांगते तेच खरं."

दुसरा अभिमान पाठवणीचा. बदली झाली, लेकरू शाळेत जायला लागलं, काहीही कारण असो, इंदिराबाई कुणाला नुसतं 'बरं, या मग' म्हणून जाऊ देत नसत. शेवटच्या दिवशी रव्याचा शिरा व्हायचा, लेकराची वाटी, चादर, तुटकं का होईना पण त्याचंच खेळणं, सगळं धुऊनपुसून पिशवीत भरलं जायचं, आणि लेकराच्या आईची खणानारळानं ओटी भरली जायची. बाकीच्या लेकरांच्या आयांनाही बोलावणं असे. लेक सासरी निघावी तसा थाट, आणि रडू मात्र कुणालाच येऊ द्यायचं नाही, हा इंदिराबाईंचा हट्ट.

दिव्यानी दोन वर्षं होती त्यांच्याकडे. सकाळी तिचा बाप सुनिल कामावर जाताना मोटरसायकलवरून तिला सोडून जायचा. संध्याकाळी साडेपाचला तिची आई घ्यायला यायची. सुनिलशी रोज दोन शब्द होत, पैशापाण्याचं, सर्दीखोकल्याचं तोच बोले. आई मात्र अबोल. हिरवा दुपट्टा तोंडाला घट्ट बांधलेली, फाटकाबाहेर निमूट उभी राहायची. "कोन आलं वो?" म्हटलं की दिव्यानी टाळी वाजवून ओरडायची, "आई!" आणि दोघी एकमेकींचं बोट धरून निघून जायच्या. दोन वर्षांत ती बाई एक दिवस चुकली नाही, की पाच मिनिटं उशिरा आली नाही. बाकीच्या आयांना इंदिराबाई तिचं उदाहरण द्यायच्या.

दिव्यानीच्या आईची बदली गडचिरोलीला झाली. रविवारी सकाळी सामानाचा टेम्पो भरला आणि दुपारी चारला पाठवणी ठरली. सुनिल दिव्यानीला आधीच आणून सोडून टेम्पोकडे गेला होता. इंदिराबाई ओटीचं ताट लावत होत्या, तेवढ्यात बाहेरून आवाज आला. कुणीतरी शेजारणीला विचारत होतं, "इंदिराबाईचं घर हेच का वो?"

फाटकाशी एक तरुण बाई उभी होती. दुपट्टा गळ्यात, चेहरा उघडा, गोल आणि हसरा. इंदिराबाईंनी सवयीनं दिव्यानीला पायरीवर आणलं. "कोन आलं वो?"

"आई!" दिव्यानी धावत जाऊन तिच्या कमरेला बिलगली.

ही रंजीता. इंदिराबाईंना ती जरा ठेंगणी वाटली. चपलांचा फरक असेल, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि घर विचारत आली याचं हसू आवरून तिला पाटावर बसवलं. पाच-सहा बाया जमल्या होत्या. ओटी भरून झाली, शिरा वाटला गेला, आणि रंजीता एकाएकी उठून इंदिराबाईंच्या पाया पडली.

"तुमी होत्या म्हनून माही नोकरी टिकली, बाई," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मी चंदरपूरहून सव्वासहाच्या बसनं उतरतो. घरी याले साडेसहा होते. पन दोन वर्सं झाले, पोरगी कदी वाट पाहत बसली नाई. तुमी रोज तिले घरी आनून सोडत. हातपाय धुतलेले, वेनी घातलेली. मी कोपऱ्यावर दिसलो का तुमी ओट्यावरून हात वर करत आन् निंगून जात. कदी थांबून चहा पन नाई घेतला. तो हिरवा दुपट्टा दिसला का जिवाले बरं वाटे. भेटाले येतो येतो म्हनत दोन वर्सं गेले, माफ करजा."

बायांच्या नजरा इंदिराबाईंकडे वळल्या. त्या नजरांत कौतुक होतं, एकोणीस वर्षांत मिळालं नव्हतं इतकं. घरात बाकीची लेकरं टाकून इंदिराबाई संध्याकाळी फाटकाबाहेर पाऊलही टाकत नसत, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. रंजीताला तिथंच सांगायला हवं होतं. पण सांगायचं काय? की दोन वर्षं मी तुझी लेक रोज कुणाच्या तरी हाती दिली, आणि ती कोण हे मला माहीत नाही?

"त्यात काय एवढं," इंदिराबाई म्हणाल्या. "आपलीच लेकरं हायेत."

आणि खरं सांगायचं तर म्हणताना त्यांना बरं वाटलं. छाती भरून आली. दीपिका नावाची एक आई, तिची भाग्यश्री महिन्याभरापूर्वीच यायला लागली होती, ती लगेच पुढे सरकली. "बाई, मंग आमच्या भाग्यश्रीलेही सोडून देसान का उद्यापासून? मले तं रोजच उशीर होते."

"देईन ना," इंदिराबाई म्हणाल्या.

दीपिकानं तिथल्या तिथं मोबाइल काढला आणि ही बातमी जुन्यानव्या सगळ्या आयांच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांच्या पिशव्यांतून एकेक टुणटुण वाजलं.

निघायच्या आधी दिव्यानीचे केस विंचरून द्यायचे म्हणून इंदिराबाईंनी तिला आतल्या खोलीत नेलं. कंगव्याचा हात चालू ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "संध्याकाळी तुले इथून कोन घेऊन जाय?"

"आई."

"आन् घरी कोन सोडे?"

"मावशी." सगळी लेकरं इंदिराबाईंनाच मावशी म्हणत. "तुमीच तं सोडत होत्या."

"मंग आई कुठी जाय?"

दिव्यानीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. असा सोपा प्रश्न मोठ्या माणसाला पडावा याची तिला गंमत वाटली असावी. "रस्त्यात," ती म्हणाली.

सुनिलचं घर तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर होतं. साडेपाच ते साडेसहा. इंदिराबाईंनी दोनदा हिशेब केला आणि दोन्ही वेळा वरची पन्नास मिनिटं उरली. वेणी मात्र त्यांनी नीट घातली, रिबिनीची दोन्ही टोकं सारखी करून. रंजीता लेकीला घेऊन निघाली तेव्हा कुणी रडलं नाही. टेम्पोच्या मागच्या धुरात दिव्यानीचा हात बराच वेळ हलताना दिसत होता, आणि बाया एकमेकींना म्हणत होत्या, पाठवणी करावी तर इंदिराबाईंनीच.

त्या रात्री त्यांना झोप चांगली लागली, याचंच सकाळी त्यांना नवल वाटलं. लेकरू सुखरूप आपल्या आईबापाजवळ गेलं होतं. अंगावर ओरखडा नाही, तापाशिवाय आजार नाही, दोन वर्षांत वजन छान वाढलेलं. जी कुणी होती तिनं काम चोख केलं होतं, आणि चोख कामाबद्दल इंदिराबाईंना आदर होता. मग भाजी चिरता चिरता त्यांच्या मनात आलं, की आपण बाकीच्या आयांचे चेहरे कधी पाहिलेत? रविवारी आल्या त्या पाच-सहा जणींचे पाहिले. पण रोज फाटकाशी येतात त्या याच कशावरून? पिवळा दुपट्टा, गुलाबी दुपट्टा, फुलाफुलांचा, ठिपक्यांचा. त्यांनी विळीवरून हात बाजूला घेतला.

दुपारी लेकरं निजली होती तेव्हा त्यांनी ठरवलं. दीपिकाला फोन करून सांगायचं, जमणार नाही, मी एकटी आहे. फोन हातात घेतला. ग्रुपवर अठ्ठावीस जणींनी हात जोडले होते, फुलं पाठवली होती. कुणीतरी लिहिलं होतं, अशी मावशी सगळ्या गावाला मिळो. रंजीतानं गडचिरोलीहून दिव्यानीचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, तुमची खूप आठवण काढते. इंदिराबाईंनी तो फोटो मोठा करून पाहिला, लहान केला, आणि फोन ठेवून दिला. एकोणीस वर्षांचं नाव होतं. आपणच जायचं, त्यांनी ठरवलं. दहा मिनिटं जायला, दहा यायला. दाराला बाहेरून कडी लावली तर पाच लेकरांना वीस मिनिटांत काय होणार आहे?

पण साडेपाच जवळ आले तशी त्यांची हिंमत होईना. एक लेकरू नुकतं रांगायला लागलेलं होतं. न्हाणीघरात पाण्यानं भरलेली बादली होती. त्यांनी बादली ओतून दिली, विळी फळीवर ठेवली, काडेपेटी उचलली, तरी प्रत्येक वेळी दाराकडे निघालं की आणखी काहीतरी नजरेला पडे. लेकरं टाकून त्या कधी गेल्या नव्हत्या आणि आज गेल्या तर आपलीच ओळख आपल्याला पटणार नाही, असं त्यांना वाटलं. भाग्यश्री केव्हाची चपला घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून उभी होती. "चला ना," ती म्हणत होती. "मम्मी म्हने, आज मावशी सोडून देतीन."

"हो बेटा. मावशीच सोडीन."

त्यांनी तिचा हात धरला आणि पायरीवर आल्या.

फाटकाबाहेर हिरवा दुपट्टा बांधलेली बाई उभी होती.

नेहमीसारखीच, निमूट, दोन्ही हात समोर जुळवून. "दिव्यानी गेली," इंदिराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला. "कालच गेली. गडचिरोलीले." बाईनं मान हलवली. हे तिला ठाऊक होतं. ती जागची हलली नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला, धूळ उठली आणि खाली बसली, तरी ती तिथंच होती.

फाटक न उघडणं इंदिराबाईंच्या हातात होतं. शेजारणीला हाक मारणंही होतं. पण मागे घरात चार लेकरं खेळत होती आणि पाचवं रांगत होतं, भाग्यश्रीला सोडायचा शब्द दिलेला होता, आणि समोर उभी होती ती दोन वर्षांत एकदाही चुकलेली नव्हती. शिवाय रीत होतीच. लेकरू सांगेल तेच खरं. महिन्याभराची ही पोर या बाईला कुठून ओळखणार? ती गप्प राहील, आणि मग त्या मामाला उभं केलं होतं तसं हिलाही उभं करता येईल. इंदिराबाईंना एकदम धीर आला. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि एकोणीस वर्षांच्या सगळ्या ऐटीनं त्यांनी विचारलं, "कोन आलं वो?"

भाग्यश्रीनं फाटकाकडे पाहिलं. मग मान वर करून आपला हात धरलेल्या बाईकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, जरा घाबरून.

"मावशी आली," ती खणखणीत आवाजात म्हणाली, आणि इंदिराबाईंच्या हातातून तिनं आपला हात सोडवून घेतला.