यादीत नसलेलं मीठ

मित्रांनो, मी एक जुनी दोनशे पानी वही आहे. माझा निळा पुठ्ठा कोपऱ्यांवर फुगला आहे, टाचण्यांना गंज चढला आहे. खारेपाटात असंच होतं, इथली हवाच खारी आहे. मी आता थकले आहे, तेव्हा जे सांगायचं ते सरळ सांगते.

कागदाच्या कारखान्याचं मला फारसं आठवत नाही. पेणच्या बाजारातून तुळशीने मला आणलं, तिथून माझं आयुष्य सुरू झालं. ती गावच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर काम करायची. तिचं माहेर मिठागरवाल्यांचं. तिचा नवरा धर्मा बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघं, एक कॉम्प्युटर आणि मी.

तुळशीने मला दोन्ही बाजूंनी वापरलं. पुढून उघडलं की कॉम्प्युटरचं काम आणि उलटं करून मागून उघडलं की घरचं. मागच्या पहिल्या पानावर आगोटीची यादी होती. पाऊस लागण्याआधी घरात जे भरून ठेवायचं ते सगळं त्यात होतं. तांदूळ, कडधान्य, सुकी मासळी, मिरच्या, चिंच, तेल, काड्यापेट्या. दर वर्षी ती यादी वाचून सामान भरायची आणि यादी तशीच ठेवायची.

पुढच्या बाजूचं काम जरा समजावून सांगायला हवं.

आमचं गाव खाडीकाठी आहे. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांब बांध आहे. बांधाला एक उघाडी आहे, म्हणजे पाणी जायची वाट. ओहोटीला फळ्या उचलायच्या, म्हणजे पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती यायच्या आधी फळ्या टाकायच्या, म्हणजे खारं पाणी शेतात येत नाही. हे काम शिवदास करतो. पूर्वी तो तिथी बोटांवर मोजून भरतीची वेळ सांगायचा आणि ती बरोबर यायची. पण खाडीच्या तोंडाशी धक्क्यासाठी भराव झाला आणि पाणी आधी यायला लागलं. कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. शिवदासची बोटं चुकायला लागली.

तेव्हा तुळशीने वर्षभर उघाडीवर एक काठी रोवून पाणी मोजलं. रोज कामाला जाताना आणि येताना. सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले. भरतीच्या वेळा काढणारा एक प्रोग्रॅम तिला इंटरनेटवर मिळाला. तो कुणाही एकाच्या मालकीचा नव्हता. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणीही घ्यावा आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलावा असा.

मित्रांनो, तुळशी धर्माला समजावायची तसंच सांगते, मसाला दोन तऱ्हांनी मिळतो. एक तयार पाकीट. दुसरा म्हणजे मिरच्या, धणे, हळकुंडं आणून घरी कुटलेला. तयार पाकिटात तुम्हाला काही बदलता येत नाही. तुळशीला प्रोग्रॅम आपल्या खाडीसाठी बदलायचा होता, म्हणून तिने तो कच्च्या स्वरूपात घेतला. तो आपल्या कॉम्प्युटरवर बांधून घ्यावा लागतो. त्याआधी दुसऱ्या बऱ्याच गोष्टी कॉम्प्युटरमध्ये असाव्या लागतात. एक जरी नसली तरी काम अडतं.

पहिल्यांदा तिला अकरा दिवस लागले. पुढे एकदा प्रोग्रॅम बिघडला, पुसून पुन्हा बांधावा लागला, आणि आपण काय काय केलं होतं ते तिला आठवेना. त्या दिवशी तिने मला पुढून उघडलं. आधी काय काय लागतं, मग कोणती आज्ञा द्यायची, मग दिसेल काय, असं सगळं लिहिलं. सतरा पायऱ्या. नंतर माझ्यात बघून तिने तो पुन्हा बांधला, तेव्हा अर्धा दिवसही लागला नाही. माझ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "आता मी नसले तरी कोनीबी करंल."

दर महिन्याला एक कागद निघायचा. त्यावर रोज पाणी उघाडीला कधी लागणार ती वेळ असायची, उधाणाचे दिवस तांबडे. एक कागद उघाडीवर, एक रेशन दुकानावर, एक देवळात. ग्रामसभेत सरपंचबाईंनी मला वर धरून दाखवलं. शिवदास म्हणाला, "अख्खी खाडी हाय या वहीत." मला फार बरं वाटलं. मी पूर्ण आहे, असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलं. आठ वर्षं तसंच वाटत राहिलं.

यंदा फाल्गुनात तुळशी गेली. आजार दोन महिन्यांचा होता. त्या दोन महिन्यांतही बसून तिने पुढचे कागद छापून ठेवले होते, जुलैपर्यंतचे.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. मी कॉम्प्युटरशेजारी पडून होते. धर्मा निवृत्त झालेला, घरातच असायचा, पण त्या खोलीत यायचा नाही. आगोट भरली गेली नाही. पाऊस लागला. माझी पानं एकमेकांना चिकटली. जुलै संपत आला तेव्हा धर्माने कॉम्प्युटर सुरू करून पाहिला. तो लागला नाही. खाऱ्या हवेने आतून खाल्ला होता.

नारळी पौर्णिमेच्या उधाणाला कागद नव्हता. शिवदासने बोटांवर मोजलं. पाणी आधी आलं आणि दोन खाचरांत शिरलं. तिथला भात पिवळा पडला. त्या खाचरांत आता दोन-तीन वर्षं काही नीट येणार नाही. पुढचं उधाण पिठोरी अमावस्येचं, त्याहून मोठं. हातात पंधरा दिवस होते.

धर्माने अलिबागहून नवा कॉम्प्युटर आणला. तुळशीच्या पेन ड्राइव्हवर प्रोग्रॅम आणि तिचे आकडे होते. माझ्या पुठ्ठ्याच्या खिशातच तो ड्राइव्ह होता. धर्मा माझ्यासमोर बसला. एका बोटाने एकेक इंग्रजी अक्षर शोधून त्याने सगळं टाइप केलं. प्रत्येक पायरीवर माझ्या पानावर अंगठा ठेवायचा. नवव्या पायरीला कॉम्प्युटर थांबला आणि पडद्यावर एक तांबडी ओळ आली.

त्याने पहिल्यापासून पुन्हा केलं. पुन्हा नववी पायरी. असं सात वेळा झालं. चार दिवस गेले.

मग मला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो कॉम्प्युटरसकट अलिबागला, जिथून तो घेतला त्या विनेशच्या दुकानात गेला. विनेशने ती ओळ वाचली.

"काका, इथे स्पष्ट लिहिलंय. चित्रं काढायचं एक पॅकेज, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मिळत नाही म्हणतोय. ते टाकायला लागेल."

"वहीत हाय का ते?"

विनेशने माझी पानं चाळली. "नाही."

"मंग नाय लागत."

"अहो काका, कॉम्प्युटर स्वतः सांगतोय."

"कॉम्प्युटर कालचा हाय. वही आठ वर्सांची हाय. तिनं लिवलं नाय म्हंजे नाय लागत. माझंच काय तरी चुकतंय."

विनेशने मला मिटून परत दिलं. "मग वहीलाच विचारा."

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तरी मी काय सांगणार होते? जे माझ्यात लिहिलेलं नाही ते मलाही ठाऊक नव्हतं. धर्मा मला घेऊन परत आला. तुळशीने काही अर्धवट ठेवलं असेल हे त्याला मान्य नव्हतं. दुसरं काही तो तिच्यासाठी करू शकत नव्हता, एवढा विश्वास तरी ठेवत होता.

शिवदास दारात येऊन उभा राहिला. "दादूस, कागद झाला का? नायतर मी आपला बोटांवर मोजतो."

"तुझ्या बोटांनी दोन खाचरं खारवली."

"बोटं तीच हायत रे. खाडी बदलली." आणि तो खाली बसला.

अमावस्येला तीन दिवस उरले असताना तुळशीची थोरली बहीण सगुणा आली. घरात डब्यांचे तळ दिसत होते. तिने मला मागून उघडलं आणि धर्माच्या हातात दिलं. "ही तिची आगोटीची यादी. सगलं घेऊन या. मानूस गेलं म्हनून घर उपाशी ठेवायचं नाय."

धर्मा गेला आणि यादीतलं सगळं घेऊन आला. एकही वस्तू चुकली नाही. सगुणाने डाळ शिजायला टाकली, मग फडताळं उघडून बघितली, कोपऱ्यातलं पोतं झटकून बघितलं.

"भावोजी, मीठ कुठं हाय?"

"यादीत नव्हतं."

"यादीत कसं असंल? आमच्यात मीठ कोन लिवतं? बापाच्या मिठागरातून पोतं यायचं. मीठ हाय का नाय, ते बघायलाच लागायचं नाय कधी."

"मंग मला कसं कळनार?"

"आता बापूस नाय, मिठागर नाय, पोतं बी संपलं. तिला काय म्हाईत असं होईल?" सगुणा चिडून बोलली आणि मग पदराने डोळे पुसले.

धर्माने मला उलटं केलं आणि पुढून उघडलं. आठवी पायरी, नववी पायरी. बराच वेळ बघत राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "ती पह्यलं काय करायची त्या कॉम्प्युटरवर? भरतीच्या आधी?"

"पंचायतीचं काय तरी. लोकांचे फोटो टाकायची कार्डांवर."

"फोटो," धर्मा म्हणाला. तो कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला.

चित्रांचं ते पॅकेज तुळशीने फोटोंच्या कामासाठी केव्हाच टाकलं होतं. भरतीच्या प्रोग्रॅमलाही कागदावर तांबडे दिवस काढायला तेच लागायचं, पण तो त्यानंतर आला. तो बिघडून पुन्हा बांधला तेव्हाही कॉम्प्युटर तोच होता, पॅकेज आत होतंच. माझ्यात बघून सगळं नीट झालं, म्हणून तिला वाटलं मी पूर्ण आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

धर्माने पडद्यावरच्या तांबड्या ओळीतलं नाव एकेक अक्षर करून कागदावर उतरवलं. विनेशला फोन लावला. "तू बोललास ते पॅकेज. कसं टाकायचं सांग." विनेशने सांगितलं. आपलंच खरं झालं असं काही तो बोलला नाही.

नववी पायरी गेली. ओळी भराभर वर सरकायला लागल्या. सगुणा दारातून बघत होती. "एवढं काय लिवतंय ते?" तिने विचारलं. "कुटतंय," धर्मा म्हणाला. संध्याकाळपर्यंत कागद निघाला. त्यावर तुळशीच्या काठीने मोजलेली खाडी होती. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी पाणी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी उघाडीला लागणार, असं त्यात होतं. शिवदासच्या बोटांप्रमाणे अकरा वाजायला हवे होते.

त्या दिवशी धर्मा मला पिशवीत घालून बांधावर घेऊन गेला. शिवदासने पावणेदहाला फळ्या टाकल्या. वर पाऊस भुरभुरत होता. सव्वादहाला पाणी फळ्यांना लागलं आणि चढत गेलं. शेतात भात हिरवा उभा होता. शिवदासने घड्याळ बघितलं. "तीन मिन्टं चुकली तुझी बायको," तो म्हणाला. धर्मा हसला. फाल्गुनानंतर मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

घरी येऊन त्याने पहिल्या पायरीच्या वर, समासात, वाकड्या अक्षरात ते पॅकेजचं नाव लिहिलं. तुळशीच्या नीटस ओळींवर ते बरं दिसत नाही. पण मी आधीपेक्षा खरी झाले. मग त्याने आणखी एक काम केलं. कॉम्प्युटर विनेशकडून पार कोरा करून आणला आणि माझ्यात बघून सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. कुठेही अडलं नाही. तेव्हाच त्याने पेन ठेवलं.

मित्रांनो, माझी पानं आता सुटायला लागली आहेत. फार पावसाळे मी काढणार नाही. धर्मा माझी नक्कल दुसऱ्या वहीत उतरवतो आहे, रोज एक पान. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुम्ही कधी कुणासाठी काही लिहून ठेवाल, तर आपल्या भरल्या घरात बसून लिहू नका. वाचणाऱ्याच्या घरात काहीच नाही असं समजून लिहा. आणि लिहिलेलं एकदा कोऱ्या जागी करून बघा. माणूस गेलं की मग विचारायला कुणी नसतं. आणि तुम्हाला कुणाची वही मिळाली, तर तिच्यावर माया करा, पण काही राहिलेलं दिसलं तर समासात लिहायला भिऊ नका. त्याने लिहिणाऱ्याचा अपमान होत नाही.

परवा सगुणा पुन्हा आली होती. तिने मला मागून उघडलं आणि आगोटीच्या यादीत तांदळाच्याही वर एक शब्द लिहिला. मीठ. मागे कोपऱ्यात बाजारातून आणलेलं भरलं पोतं होतं, तरी लिहिला.