दाताचा व्रण असलेली टोपी

मी कीबोर्ड बोलतोय. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चहा प्या. पण माझ्यापासून लांब बसून प्या.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. उमेदीची वर्षं नारिन शहरातल्या एका कचेरीत गेली. राग साहेबाचा, मार मला. भंगारात निघालो तेव्हा एसेनामान म्हाताऱ्यानं उचलून घरी आणलं.

त्याचा नातू परमुलखात जन्मला. ज्याला आपले सात बापजादे ठाऊक नाहीत त्याला इकडं गुलाम म्हणतात. म्हणून म्हातारा दोन बोटांनी पूर्वजांची हकिगत माझ्यावर बडवायचा. डोळे मंदावत चालले होते. ते जायच्या आत लिहून संपवायचं, हाच एक ध्यास.

एकदा पाहुण्यानं मुरंबा घातलेला चहा माझ्यावर सांडला. बटणं चिकटली. धाकटी सून बुरुल उकळतं पाणी घेऊन आली.

"अगं, मेंढी शिजवतेस का? बटणांच्या टोप्या वाकड्या होतील! आधी वायर काढ. मग फोटो काढ, नाहीतर कोण कुठली कळायचं नाही. आता हळूच उचल."

"दाढा काढल्यासारखं वाटतंय, मामंजी."

"माझ्या काढू नकोस म्हणजे झालं. राहिल्यात कुठं!"

कोमट पाण्यात भांड्याचा साबण टाकून तिनं टोप्या चोळल्या. मला पाणी लावलं नाही. उलटा धरून झटकलं, ब्रशनं कोपरे झाडले. किती वर्षांचे पावाचे चुरे निघाले! मग सज्जात सावलीला फडक्यावर टोप्या पसरल्या. पलीकडं उन्हात कुरूत वाळत होतं, दह्याचे खारट पांढरे गोळे.

म्हातारा आला, एक उचलला, तोंडात टाकला. कडकन वाजलं.

"यंदाचं कुरूत दगड झालंय की गं!"

बुरुल खो खो हसली. मग एकदम थांबली. म्हाताऱ्यानं तोंडातली टोपी काढून बोटांनी चाचपली. डोळे गेले होते.

टोप्या खडखडीत वाळल्यावर तिनं फोटो बघून बसवल्या आणि स्वतःच माझ्यापुढं बसली. तो सांगत गेला, ती लिहीत गेली.

"वाच आता. चुकलं असेल."

ती गप्प. सासरच्या थोरांची नावं सुनेनं तोंडानं घ्यायची नसतात. बोटांना मात्र कुणी मनाई केली नव्हती.

"दातखीळ बसली का?"

"नावं कशी घेऊ, मामंजी?"

"मला दिसत नाही, तू बोलत नाहीस. पोराला चुकीचे बाप द्यायचे का? मेलेल्यांना राग येत नाही. वाच."

तिनं वाचलं. खालच्या आवाजात, एकेक. मग अडखळली.

"पुढचं तुमचं आहे."

"ते सोड. माझं मला पाठ आहे."

तेव्हापासून असंच चाललंय. मी थकलोय. एका टोपीवर त्याच्या दाताचा व्रण आहे, बुरुलचं बोट तिथं अडतं. बाजारात नवी मिळते, ती आणत नाही. हकिगत पुरी झाली की मला खुशाल फेकून द्या. तोवर तेवढा चहा लांब ठेवा.