वरची चिमूट

बसा, दोन घटका ऐका. मी बाटलीतली पांढरी भुकटी बोलतेय. वजनाला चिमूटभर, पण माझ्यापायी एका पोरीचं शिक्षण अडलंय.

ती दिशा. मुरबाडच्या बाजारात तिच्या बापाचं, राघोशेठचं, तांदळाचं दुकान. दोन हजार सात साल. दिशा शहापूरच्या कॉलेजात एमएस्सीला, आणि मी तिचं प्रोजेक्ट.

यिट्रियम धातूच्या ऑक्साइडचे कण म्हणजे मी. इतके बारीक, की कोंड्याचा कण माझ्यापुढे डोंगर. नुसती असले तर मी आंधळी. पण शंभरातल्या पाच जागांवर युरोपियम नावाचं दुसरं मूलद्रव्य येऊन बसलं, की जांभळ्या दिव्याखाली कुंकवासारखी लाल पेटते. युरोपियम अंगानं थोराड, ते शिरलं की माझ्या कणांची वीण जराशी ताणली जाते. पाचापर्यंत सुखानं सोसते.

पण हात पडला दुकानात वाढलेला! राघोशेठनं लहानपणीच शिकवलेलं, "अगो, माप झालं तरी मूठभर वर टाकायची. गिऱ्हाईक हसत जातं." दिशानं काट्यावर नीट मोजलं, आणि सवयीनं बाटलीत उरलेलं युरोपियमही माझ्यात झटकलं. पुन्हा करून बघायला कणभरही उरलं नाही. मग शेतात टाकतात तो युरिया घालून तापवलं, भस्सकन जाळ झाला, भट्टीत भाजून मी तयार.

दिव्याखाली धरलं तर जेमतेम विटकरी! आत युरोपियमची नुसती दाटी. एकानं उजेड घ्यावा, शेजाऱ्याला द्यावा, त्यानं पुढच्याला. देता देता तो कुठल्याशा भेगेत विरून जावा. बाहेर काय येणार?

आज परीक्षा. राघोशेठ बाहेर बाकावर बसलेत. सकाळी म्हणाले, "यंदा नाय जमलं तर गल्ल्यावर बस. कल्याणचं स्थळ थांबणार नाय."

"लाल होतंय, बाबा," ती खोटंच बोलली.

आता ती बेसिनपाशी उभी. नळ सोडलाय. मैत्रीण सोमी हात धरतेय, "येडी हायस का गो? परीक्षेला बाहेरचे सर आलेत. बघू दे ना त्यांना!"

"काय बघतील, राख? सांडली म्हणून सांगते."

दिशा, अगो, ऐक. जास्त झालं की उजेड मरतो, हे दाखवायला तुझ्याकडे माझ्याशिवाय कोण आहे? युरोपियमची आख्खी बाटली किती होती, ते तुला ठाऊक आहे, म्हणजे किती जास्त पडलं तेही मोजता येतं. तेवढंच सांग त्यांना. हसतील तर हसू देत. पण सांडली म्हणालीस, तर दाखवायला हातात काहीच उरणार नाही, आणि बाहेर बाकावर बाप बसलाय.

बूच फिरतंय. नळ बंद कर गो, आधी नळ बंद कर!