तापातला आवाज

"मावशी, तुम्ही शेवटचं पाप कधी केलंत?"

विचारून झालं आणि भोंग्याने जीभ चावली. पैज लांबडीची होती. "विचारून दाखव, तर मानलं तुला!" आता लांबडी आणि चष्मिश, दोघी बायबलात डोकी खुपसून खुसुखुसू हसत होत्या. गेल्या वर्षापर्यंत चकार शब्द न काढणारी ही मुलगी यंदा अशी काही सुटली होती, की शाळेत तिचं नावच भोंगा पडलं होतं.

शिवणमावशी चर्चच्या मुलींचा बायबलवर्ग शनिवारी दुपारी आपल्या दुकानातच घेत. पाय मशीनवर, कान मुलींकडे. आता पाय थांबले.

"आज सकाळी," मावशी म्हणाल्या. "एक साहेब कोट न्यायला आले होते. म्हटलं, उद्या या, तयार असेल. अजून कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नाही."

लांबडी फिस्सकन हसली. "हात्तिच्या! हे काय पाप आहे? सगळेच शिंपी 'उद्या या' म्हणतात!"

"म्हणून तर जिभेवर मुरलंय. रोज ठरवते, आज खोटा वायदा करायचा नाही. आणि गिऱ्हाईक दारात दिसलं, की जीभ घसरलीच."

"मग चर्चमध्ये तुम्ही एवढ्या शांत कशा बसता?" हा प्रश्न मात्र पैजेतला नव्हता. भोंग्याच्या तोंडून तो आपसूक निघाला.

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "आधी मला वाटायचं, पाप संपलं की शांती मिळेल. तसं असतं तर मी मरेपर्यंत वाटच बघत बसले असते. आता प्रभूला सांगते, बाबा रे, पुन्हा तेच केलं. तो मला हाकलून देत नाही. मग चार घास गोड लागतात."

"भारीच सोय आहे की! खोटं बोला, माफी मागा, जेवा!" लांबडी म्हणाली.

"सोय?" मावशींनी फोन उचलला आणि मुलींसमोरच नंबर लावला. "साहेब, सकाळी मी खोटं बोलले. कोट उद्या होत नाही. गुरुवारी होईल."

पलीकडचा आवाज दुकानभर ऐकू आला. "मुलाखतीला काय बनियनवर जाऊ? माझं कापड परत द्या, आत्ता येतोय!" मावशींचे कान लाल झाले. पण वीज गेली, हाताखालची बाई आली नाही, असलं काही त्या म्हणाल्या नाहीत. "माफ करा," एवढंच म्हणाल्या, कापड गुंडाळून बाजूला ठेवलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. "हं, कोणत्या अध्यायावर होतो आपण?"

मैत्रिणी हसून लोटपोट झाल्या. भोंग्याला काही हसू येईना.

तिचं असं झालं होतं. मध्यंतरी तरुणांच्या उपासनेत प्रत्येकाला साक्ष द्यायची होती, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. कुणाची दारू सुटली होती, कुणी अपघातातून वाचलं होतं. हिच्या आयुष्यात मेलं काही घडलंच नव्हतं! पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि सुचेल ते बोलत सुटली. मी तापाने फणफणले होते, तेव्हा खोलीत कुणीतरी मला नावाने हाक मारली. 'भिऊ नकोस, मी इथेच आहे,' म्हणाला. लोकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. ज्या मुलीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिच्या डोक्यावर म्हातारीकोतारी माणसं हात ठेवू लागली. तिचा आवाज फुटला तो त्या दिवशी.

तेवढ्यावर थांबलं असतं, तरी तिने पचवलं असतं. पण तिच्या पाठचं बाळ गेल्यापासून आई प्रार्थनेला नुसती बसायची, ओठ हलायचे नाहीत. त्या साक्षीनंतर आई ओट्यापाशी पुन्हा गाणं म्हणायला लागली होती. आणि उद्या आसपासच्या सगळ्या चर्चच्या मंडळ्यांचा मोठा मेळावा होता. स्टेजवर, माइकवर, तीच साक्ष पुन्हा द्यायची होती. त्यासाठी शिवलेला निळा फ्रॉक समोरच टांगलेला होता.

मैत्रिणी गेल्या तरी ती रेंगाळली. "मावशी, खरं सांगितल्याने आईचं मन मोडत असेल तर?"

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. काय, कशाबद्दल, काही विचारलं नाही. "मोडेल," त्या म्हणाल्या. "नाही मोडणार असं कसं म्हणू? आजचं खोटं माझं बोलून झालंय."

फ्रॉक घालून बघायला ती पडद्याआड गेली आणि तो छातीशी धरून तशीच उभी राहिली. "प्रभू, ते मी तुझ्या नावावर खपवलं," ती पुटपुटली. कुठूनही आवाज आला नाही. बाहेर मशीन चालू होतं. भोंगा फ्रॉकच्या घडीत तोंड लपवून हमसून हमसून रडली. मग हलकेच लक्षात आलं, की आपल्याला सपाटून भूक लागलीय.

घरी बाबा दारातच म्हणाले, "या, वक्त्या बाई!" आई कांदा चिरत गुणगुणत होती.

"आई, जरा थांब ना. मला बोलायचंय." भोंग्याने एका दमात सांगून टाकलं. "तापात मला काही ऐकू आलं नव्हतं. ते मी रचलं होतं."

सुरी थांबली. "काहीच नाही?" आईने विचारलं.

"काहीच नाही. खोलीत तूच होतीस. कपाळावरची ओली पट्टी बदलत होतीस."

आईने नळ सोडला आणि पाठमोरी होऊन हात धूत राहिली, कितीतरी वेळ.

बाबा मटकन खुर्चीत बसले. "आता चर्चच्या पाळकसाहेबांना काय तोंड दाखवू? थांब, तुझी तब्येत बिघडलीय म्हणून कळवतो."

"नको, बाबा." तिचा आवाज कापत होता, पण खाली आला नाही. "मी उद्या स्टेजवर जाणार आहे. आवाज आला नव्हता, हे सांगणार आहे. आणि पट्टी आई बदलत होती, हेही."