मागचे चार बोल्ट

नव्या घरात आल्यापासून वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं, की थयथयाट करत दारापर्यंत चालत यायचं. मेकॅनिकने सांगून टाकलं, "ड्रम गेला. संध्याकाळी येऊन भंगारात घेऊन जातो." सूनबाईने मान डोलावली. सासऱ्यांना ते पटेना. पण मागे मिक्सर दुरुस्त करायला घेऊन त्यांनी तो कायमचा निजवला होता, तेव्हापासून घरात त्यांच्या शब्दाला वजन नव्हतं.

दुपारभर त्यांनी मशीनचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं आणि चाचरत विचारलं, "अगं, सामान हलवताना ड्रम हलू नये म्हणून मागे चार बोल्ट आवळले होते ना? ते नंतर काढले का?"

"बाबा, तुम्ही हात लावू नका हं!"

"नाही लावत. पाना तूच धर."

तोंड वाकडं करत तिने बोल्ट काढले, ओले कपडे टाकून मशीन सुरू केलं. ड्रम गरगर फिरला, पण मशीन जागचं तसूभरही हललं नाही.

तेवढ्यात मेकॅनिक टेम्पो घेऊन हजर.

"रिकामाच न्या तो," सूनबाई म्हणाली, "आणि पुढच्या वेळी आधी आमच्या बाबांना विचारत जा!"

सासरे कानापर्यंत लाल झाले. पण पुस्तक त्यांनी मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं छातीशी धरलं होतं.